पाच डॉलरची सायकल आणि साडेसातशेची

सध्या आमच्या घरात एकच विषय चालू आहे: सायकल. भाच्याला डोंगरात चालवायची सायकल घ्यायची आहे. पुढे-मागे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, आणि आणखी बरंच काही. किंमत ऐकल्यावर त्याचे आजोबा "एवढ्यात मोटारसायकल येते" एवढंच म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घालून बसले. भाच्याचं म्हणणं असं की सायकलच धड नसेल तर चालवणारा काय करणार? आजोबांचं म्हणणं असं की चालवणाऱ्यात दम असेल तर कुठलीही सायकल चालते. हातात पाना घेऊन मोठं झालेल्या पिढीचं हे मत आहे, त्यामुळे ते बदलण्याची शक्यता शून्य!

मी या वादात पडलो नाही. पण तो ऐकताना मला सारखी एक टेकडी आठवत होती. हाच वाद त्या टेकडीवर काही वर्षं, अगदी घड्याळ लावून, खेळला गेला होता. आणि गंमत म्हणजे तिथे आजोबाही बरोबर ठरले आणि नातूही. फक्त दोघांना वाटतं त्या कारणासाठी नाही. म्हणून म्हटलं, ती गोष्ट जरा नीट लिहून काढावी.

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरिन काउंटी लागते. तिथे माउंट टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या आजूबाजूला बऱ्याच टेकड्या. वणवा लागला तर आगीचे बंब आत नेता यावेत म्हणून या टेकड्यांवरून कच्चे रस्ते काढलेले आहेत. असाच एक रस्ता फेअरफॅक्स गावाजवळ पाइन माउंटनवरून खाली उतरतो. लांबी साधारण दोन मैल, म्हणजे सव्वातीन किलोमीटर. आणि तेवढ्यात उतार किती? १३०० फूट. खाली सुटी खडी, पावसाच्या पाण्याने पडलेले चर, आणि पलीकडचं काही दिसणार नाही अशी वळणं.

१९७० च्या दशकात या भागात सायकलवेड्या तरुणांचं एक टोळकं होतं. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ, ऑटिस गाय, ॲलन बॉण्ड्स ही त्यातली काही नावं. यातले बरेचजण वेलो क्लब टॅमलपाइस या क्लबात होते आणि डांबरी रस्त्यावरच्या शर्यती खेळायचे. पण मौज म्हणून ते टेकडीवर वेगळ्याच सायकली न्यायचे. १९३० आणि ४० च्या दशकातल्या, जाड टायरच्या, अवजड सायकली. वजन पन्नास पौंडांच्या आसपास, म्हणजे बावीस-तेवीस किलो. मडगार्ड, साखळीचं कव्हर, जे जे काढता येईल ते काढून टाकायचं आणि उरलेला सांगाडा घेऊन उतारावर सुटायचं. या सायकलींना त्यांनीच नाव दिलं होतं 'क्लंकर'. मराठीत सांगायचं तर सरळ 'खटारा'.

या खटाऱ्यांना हॅण्डलवर ब्रेक नसायचा. मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक असायचा. पेडल उलटं दाबलं की तो लागायचा. सपाट रस्त्यावर पेपर टाकत फिरणाऱ्या पोरांसाठी ही व्यवस्था उत्तम होती. पण १३०० फूट उतरेपर्यंत तो ब्रेक सतत दाबून धरला की हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा अक्षरशः धूर व्हायचा. खाली पोचलं की हब उघडायचा आणि पुन्हा नवं ग्रीस भरायचं. इंग्रजीत याला म्हणतात 'रिपॅक' करणं. म्हणून त्या रस्त्याचं नावच पडलं रिपॅक!

आता चार तरुण एकत्र आले की कोण सर्वांत वेगवान हा वाद होणारच. तो तोंडी मिटेना, तेव्हा २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. सगळ्यांनी एकदम सुटायचं तर अरुंद रस्त्यावर एकमेकांच्या अंगावरच जातील, म्हणून एकेकाला ठरावीक अंतराने सोडायचं. जुळवून घेतलेली दोन घड्याळं, एक वर आणि एक खाली. चार्ली केली हिशेबाची वही सांभाळायचा. पहिली शर्यत ॲलन बॉण्ड्सने जिंकली. पुढे १९८४ पर्यंत अशा सगळ्या मिळून २४ शर्यती झाल्या. त्यातली सर्वोत्तम वेळ गॅरी फिशरची, ४ मिनिटं २२ सेकंद. त्याच्या मागोमाग जो ब्रीझ, ४ मिनिटं २४ सेकंद. बायकांमध्ये वेण्डी क्रॅगची ५ मिनिटं २७ सेकंद. (त्या दिवसांचे जे फोटो आज सगळीकडे दिसतात त्यातले बहुतेक या वेण्डीनेच काढलेले आहेत. म्हणजे उतरायचंही आणि इतरांचे फोटोही काढायचे!)

सहज हिशेब करून पाहिला. दोन मैल ४ मिनिटं २२ सेकंदांत, म्हणजे ताशी सरासरी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. खडीवरून. वळणं धरून. जेमतेम लागणाऱ्या ब्रेकवर. कुठल्याही घाटात उतारावर सायकल सोडून बघितलेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

मग इथे कौशल्य म्हणजे नक्की काय होतं? नुसती हिंमत नव्हे. नुसत्या हिंमतीचं काय होतं ते त्या रस्त्यावरच्या नावांवरून कळतं. एका वळणाचं नाव आहे 'व्हेन्डेटीचं तोंड', कारण मार्क व्हेन्डेटी तिथे तोंडावर आपटला होता. कौशल्य म्हणजे आधी डोळा. चाकापुढच्या दगडाकडे बघणारा त्या दगडावरच जातो. नजर पंधरा-वीस फूट पुढे असली की सायकल आपोआप वाट काढते. दुसरं म्हणजे शरीर. सीटवर बसून न राहता पेडलवर उभं राहायचं, गुडघे आणि कोपर सैल ठेवायचे, म्हणजे धक्का सायकलला बसतो, माणसाला नाही. आजच्या सस्पेन्शनचं काम तेव्हा हातपाय करायचे. तिसरं म्हणजे ब्रेक कुठे लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही हे कळणं. हबमधलं ग्रीस ही मोजकी शिल्लक. ती वरच्या दोन वळणांवरच उधळली तर खालच्या वळणावर नुसता धूर. आणि चौथं, तोच उतार पुन्हा पुन्हा उतरून पाठ झालेला असणं.

इथपर्यंत वाचून आजोबापक्षाला फारच बरं वाटलं असेल. खटारा सायकली आणि अफाट माणसं! पण थांबा, दोन गोष्टी राहिल्यात.

पहिली गोष्ट म्हणजे हे लोक काही नवशिके नव्हते. रस्त्यावरच्या शर्यती खेळून त्यांचे पाय, फुप्फुसं आणि सायकलवरचा तोल तयार झालेला होता. ते खटारा चालवत होते ते दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून नाही. त्यांची हलकी, पातळ टायरची सायकल या उतारावर टिकलीच नसती.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तो खटारा स्वस्त होता, पण वाईट नव्हता. श्विन कंपनीने १९३३ मध्ये अमेरिकेत २६ इंची चाकाला सव्वादोन इंचांच्या आसपास जाडीचे फुगीर टायर आणले. मंदीचा काळ होता, लोक मुलांना सायकल घेताना दहादा विचार करत होते, तेव्हा कशीही आपटली तरी टिकणारी सायकल हवी होती. म्हणून जाड टायर, जाड नळ्या, मजबूत फ्रेम. चाळीस वर्षांनी या सायकली जुन्या बाजारात पडून होत्या, कारण फॅशन बदलली होती. हलक्या, गिअरच्या, पातळ टायरच्या सायकली आल्या होत्या. म्हणजे टेकडी उतरायला जे लागतं, जाड टायर आणि न मोडणारी फ्रेम, ते त्या खटाऱ्यात आधीपासूनच होतं. कुणाला नको होतं म्हणून ते मातीमोल भावात मिळत होतं, एवढंच.

मातीमोल म्हणजे किती? जो ब्रीझने १९७३ मध्ये सांताक्रूझहून (आपलं मुंबईचं नव्हे, कॅलिफोर्नियातलं!) १९४१ सालची एक सायकल आणली. किंमत पाच डॉलर.

हा जो ब्रीझ मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत रोचक माणूस वाटतो. रिपॅकच्या २४ शर्यतींपैकी १० त्याने एकट्याने जिंकल्या. सुरुवातीच्या काळात जुन्या खटाऱ्यावरच तो जिंकत होता. म्हणजे 'चालवणारा चांगला असेल तर कुठलीही सायकल चालते' याचं जिवंत उदाहरण. मग अशा माणसाने काय करायला हवं होतं? पाच डॉलरच्या सायकलवर जिंकत राहायचं आणि महागड्या सायकलवाल्यांना हसायचं. पण त्याने नेमकं उलट केलं.

जुन्या फ्रेम या माराला पुरत नव्हत्या. त्या वाकायच्या, मोडायच्या, आणि बदली शोधायची तर जुन्या सायकलींचा साठाही काही अमर नव्हता. ब्रीझ १९७४ मध्ये अल्बर्ट आयझेनट्राउट यांच्याकडे फ्रेम बांधायचं काम शिकून आला होता. चार्ली केलीने त्याला टेकडीसाठी खास फ्रेम बांधून मागितली. १९७७ मध्ये ब्रीझने क्रोमोली पोलादाच्या नळ्या वापरून नवी सायकल बांधली. गिअर, हॅण्डलवरचे ब्रेक, सगळे भाग नवे. वजन ३८ पौंड, म्हणजे साधारण सतरा किलो. त्या पहिल्या खेपेला अशा दहा सायकली झाल्या आणि किंमत होती एकेकीची ७५० डॉलर. पहिल्या सायकलवर बसून त्याने रिपॅकची शर्यतही जिंकली. ती पहिली सायकल आज वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पाच डॉलर आणि साडेसातशे डॉलर. माणूस तोच, उतार तोच, सायकल दीडशेपट महाग. वेळ दीडशेपट सोडा, अर्धीसुद्धा होणं शक्य नव्हतं. मग त्याने मिळवलं काय?

त्याने मिळवला भरवसा. ब्रेक वरच्या वळणावर लागला तसाच खालच्या वळणावरही लागेल हा भरवसा. फ्रेम मध्येच दगा देणार नाही हा भरवसा. आणि चढ! हा मुद्दा आपण विसरतो. जुना खटारा वर न्यायचा तर ढकलत न्यावा लागे, नाहीतर पिकअप ट्रकमध्ये टाकून. गॅरी फिशरने आपल्या जुन्या श्विनला गिअर आणि ड्रम ब्रेक बसवले ते यासाठीच, की वर चढूनही जाता यावं. (हे फक्त मरिनच्याच लोकांना सुचलं असंही नाही; क्युपर्टिनोकडची काही मुलं १९७४ मध्ये जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली घेऊन मरिनमधल्या एका शर्यतीला आली होती.) चढता आलं की दिवसाला एक उतार होत होता तिथे दोन-तीन होतात, आणि जितके उतार तितका सराव. म्हणजे चांगल्या सायकलने कौशल्याची जागा घेतली नाही, तर कौशल्य वाया जाणं थांबवलं.

यातला क्रम फार महत्त्वाचा आहे, मंडळी. ब्रीझला साडेसातशे डॉलर कशावर खर्च करायचे हे नेमकं माहीत होतं, कारण पाच डॉलरच्या सायकलीत नेमकं काय कमी पडतं हे त्याने चार वर्षं स्वतःच्या अंगाने अनुभवलं होतं. प्रत्येक महाग भाग हे आधी पडलेल्या एका प्रश्नाचं उत्तर होतं.

पुढे काय झालं? १९७९ मध्ये फिशर आणि केलीने टॉम रिचीने बांधलेल्या फ्रेम घेऊन 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा सुरू केला. त्या सायकली तेराशे डॉलरच्या आसपास जायच्या. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये मोठ्या संख्येने बनवून घेतलेली 'स्टम्पजम्पर' ७५० डॉलरला बाजारात आणली. आणि इथे चित्र पालटलं. आता ज्याने कधी टेकडी बघितली नाही तोही थेट ती सायकल घेऊ शकत होता. प्रश्न पडायच्या आधीच उत्तर विकत मिळायला लागलं!

हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. त्यामुळेच हा खेळ जगभर गेला. पण 'सायकल की सायकलस्वार' हा वाद खरा तिथून सुरू झाला. रिपॅकवर तो नव्हताच, कारण सगळ्यांकडे सारखंच भंगार होतं.

मग १९८९ मध्ये पॉल टर्नरच्या रॉकशॉक्स कंपनीने पुढच्या चाकासाठी सस्पेन्शनचा फोर्क बाजारात आणला. यातही लबाडी आहे, हातापायांचं काम स्प्रिंगवर ढकललंय, असं म्हणणारे होतेच. पण १९९० मध्ये अमेरिकेतल्या डुरांगोला पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा उताराच्या शर्यतीत ग्रेग हर्बोल्ड आणि क्रॉस-कंट्रीमध्ये नेड ओव्हरएण्ड तोच फोर्क लावून जिंकले. त्यानंतर वाद संपला. कारण सोपं आहे. चाक हवेत उडालं की त्या क्षणी ब्रेकही नाही आणि वळणही नाही. सस्पेन्शन चाकाला जमिनीला चिकटवून ठेवतं. हा आराम नाही, हा ताबा आहे.

पण याच ओव्हरएण्डची दुसरी बाजू पहा. डुरांगोला तो ३५ वर्षांचा होता. २०१५ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्याने जाड टायरच्या 'फॅट बाइक'ची अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. दोन्ही वेळी त्याच्याकडे चांगलीच सायकल होती. पण ती तर त्याच्या प्रतिस्पर्ध्यांकडेही होती! म्हणजे सगळ्यांकडे सारखं भंगार असो की सगळ्यांकडे सारखं सोनं, शेवटी उरतो तो माणूस.

आणि याच २०१५ च्या जूनमध्ये ऑस्ट्रियातल्या लेओगांगला जे झालं ते तर कमालच. डाउनहिल वर्ल्ड कपची शर्यत. ॲरन ग्विन सुरुवातीच्या फाटकातून निघाला आणि पहिल्याच काही पेडलांत त्याची चेन तुटली. आता पूर्ण उतारभर पेडल मारण्याचा प्रश्नच नाही. दुसरा कुणी असता तर हळूहळू खाली येऊन हात हलवून निघून गेला असता. ग्विनने ती शर्यत जिंकली. जगातल्या सर्वोत्तम लोकांविरुद्ध, चेनशिवाय!

पेडल मारता येत नाही म्हटल्यावर मिळालेला वेग घालवायचा नाही, एवढं एकच काम उरतं. उंचवट्यावर अंग हलकं करायचं, उतरत्या भागात सायकल पायांनी खाली दाबायची, आणि वळणात ब्रेक जितका कमी लावता येईल तितका कमी लावायचा. म्हणजे मोजकी शिल्लक जपून वापरायची. रिपॅकवर ती शिल्लक ग्रीसची होती, इथे वेगाची.

हे उदाहरण अर्थातच आजोबापक्ष लगेच उचलेल. पण ग्विनची तुटली ती चेन. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन शाबूत होते. त्यांच्याऐवजी चेन गेली म्हणून गोष्ट रंगली. पुढचा ब्रेक गेला असता तर वेगळीच बातमी आली असती. म्हणजे सायकलीचे सगळे भाग सारखे महत्त्वाचे नसतात. काहींवाचून कौशल्य निभावून नेतं, आणि काहींवाचून कौशल्यालाच उभं राहायला जागा नसते.

मला वाटतं आपली गल्लत इथे होते. आपण 'चांगली सायकल' आणि 'महाग सायकल' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. नातवाला वाटतं महाग म्हणजे चांगली. आजोबांना वाटतं महाग म्हणजे फुकट चोचले. पाच डॉलरची ती सायकल या दोघांनाही खोटं ठरवते. ती स्वस्त होती आणि उतारासाठी चांगलीही होती. उलट आज आपल्याकडे गल्लोगल्ली मुलांच्या 'एमटीबी' दिसतात, मागे भलीमोठी स्प्रिंग, रंगीत जाड फ्रेम. त्या स्प्रिंगला दाबलेला धक्का परत फेकण्यापलीकडे काही येत नाही, आणि तिच्या वजनाने चढावर पोराचा जीव जातो. महाग सायकलीचं नुसतं सोंग. तेवढ्याच पैशात बिनस्प्रिंगची, साधी, चांगल्या ब्रेकची सायकल घेतली तर ती कितीतरी बरी.

म्हणून मला विचाराल तर क्रम ब्रीझचाच ठेवावा. आधी जमिनीला धरणारे टायर, भरवशाचे ब्रेक, मापाची फ्रेम आणि डोक्यावर हेल्मेट. यात काटकसर नको. मग एकच उतार निवडायचा आणि तो पन्नास वेळा उतरायचा. पन्नासाव्या वेळी सायकल नेमकी कुठे आणि कशी कमी पडतेय हे एका वाक्यात सांगता आलं, तर त्या वाक्यासाठी पैसे खुशाल खर्च करावेत. सांगता आलं नाही, तर सायकल अजून पुढे आहे आणि आपण मागे, एवढाच त्याचा अर्थ.

फेअरफॅक्समध्ये आता सायकलींचं एक संग्रहालय आहे. २०१५ पासून माउंटन बाइकिंगचा 'हॉल ऑफ फेम'ही तिथेच आहे. ज्या उतारावर ग्रीसचा धूर व्हायचा तो तिथून जवळच. इतकी वर्षं झाली, सायकली कार्बनच्या झाल्या, पण त्या रस्त्याचं नाव मात्र अजून एका बिघडणाऱ्या ब्रेकवरूनच आहे. मला हे फार आवडतं. जे कमी पडलं त्याचं नाव टिकलं, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

असो. लेख बराच लांबला. इथेच थांबतो.